आधी दाखला की आधी उपचार?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. तीन-चार शब्दांपलीकडे बोलत नाही, हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही, आणि चवड्यांवर चालतो. जन्मल्यावर नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. खासगी थेरपी सुरू केली होती, ती परवडेना म्हणून सुटली. गावात कुणी सांगितलं की आधी अपंगत्वाचा दाखला काढा, त्याशिवाय सरकारी काही मिळत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. नवरा जहाजावर असतो. तेव्हा कुठे जायचं, कुठल्या क्रमाने, आणि मुलाला अंगणवाडीत ठेवायचं की नाही?

ताई, दाखल्याची वाट बघू नका. उपचारांची रांग वेगळी आहे आणि दाखल्याची वेगळी. डॉक्टरने तपासायला, कानाची तपासणी करायला, फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी सुरू करायला कुठलाही दाखला लागत नाही. दाखला लागतो तो पेन्शन, साधनं, निरामय विमा आणि सवलती यांच्यासाठी. दोन्ही रांगांत एकाच आठवड्यात उभं राहायचं. उपचार मात्र दाखल्यासाठी एक दिवसही अडवून ठेवायचे नाहीत. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचे सहा महिने आणि दहा वर्षांच्या मुलाचे सहा महिने यांची किंमत सारखी नसते.

मोठ्या माणसांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द गेले, यांतलं एक जरी असलं तरी तपासणी हवी. तपासून काही निघालं नाही तर एक दिवस गेला, एवढंच.

आता जायचं कुठे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतली जन्मजात व्यंगं, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर शोधून पुढच्या उपचारांपर्यंत फुकट पोचवणं हे त्याचं काम. त्याची फिरती टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. काही आढळलं तर चिठ्ठी देऊन मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीकडे पाठवतात. डीईआयसी म्हणजे लहान मुलांच्या विकासातला उशीर लवकर ओळखून त्यावर काम सुरू करणारं केंद्र. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान व वाचा तपासणारे, मानसतज्ज्ञ, डोळे बघणारे एकाच छताखाली असावेत अशी त्याची रचना आहे. तुम्हाला जवळचं म्हणजे म्हापशाला पेडे इथलं उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, ज्याला जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात. दक्षिणेकडच्या पालकांनी मडगावचं जिल्हा रुग्णालय धरावं. टीमची वाट बघायची गरज नाही. डिचोलीच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या, नाहीतर सरळ बालरोग ओपीडीत केसपेपर काढा. चिठ्ठी असली की खिडकीवर बोलावं कमी लागतं. मेंदूचे फोटो, झटक्यांची तपासणी, जनुकीय तपासण्या अशा गोष्टींसाठी मग बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, म्हणजे जीएमसीत, पाठवतात. बौद्धिक क्षमता आणि ऑटिझमच्या चाचण्यांसाठी बहुधा बांबोळीलाच मनोविकृती व मानवी वर्तणूक संस्थेत, लोकांच्या भाषेत आयपीएचबीत, जावं लागतं. तिथल्या पाटीवर मनोविकृती हा शब्द वाचून पुष्कळ पालक दारातून परत फिरतात. मुलाला वेड लागलंय असा त्याचा अर्थ नाही. चाचणी घेणारे मानसतज्ज्ञ तिथे बसतात, एवढंच.

तुमच्या मुलाची पहिली तपासणी कानाची. बाकी सगळं तिच्यानंतर. हाकेला कधी वळणं आणि कधी न वळणं हे ऑटिझममध्ये दिसतं, तसंच कमी ऐकू येण्यातही दिसतं. काचेच्या पेटीत राहिलेल्या, कावीळ जास्त झालेल्या किंवा ठराविक अँटिबायोटिक इंजेक्शनं मिळालेल्या बाळांत ऐकण्याचा दोष जास्त आढळतो. जन्मल्यावर कानाची चाचणी पास झाली होती, यावर विसंबू नका. ओएई नावाची ती छोटी चाचणी आतल्या कानापर्यंतचंच सांगते. पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं कळायला बेरा नावाची दुसरी चाचणी लागते.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं असावं लागतं, आणि सर्वांत जास्त फेऱ्या इथेच फुकट जातात. मूल बसमध्ये अर्धा तास डुलकी काढतं आणि खोलीत गेल्यावर टक्क जागं असतं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि वाटेत काहीही करून झोपू देऊ नका. डोक्याला तेल लावू नका. कपाळावर आणि कानामागे चिकट्या लावतात, त्या तेलकट कातडीवर टिकत नाहीत आणि आलेख बिघडतो. आदल्या दिवशी साध्या साबणाने डोकं धुवा. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास आधीपासून खाणंपिणं बंद ते तारीख घेतानाच विचारून लिहून घ्या. त्या दिवशी चुकून पेज पाजलेली असली तर लपवू नका, कारण झोपेच्या औषधात उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सर्दी वाहत असेल किंवा कान फुटलेला असेल तर आधी फोन करून तारीख बदलून घ्या. कानात पाणी साठलेलं असताना काढलेला रिपोर्ट खरा नसतो, आणि एकदा फाइलीत लागला की पुढचे सगळे त्यावरच विश्वास ठेवतात.

समजा, दोन्ही कानांत फारच कमी ऐकू येतंय असं निघालं. तर आधी ऐकण्याची यंत्रं लावून काही महिने बघतात, आणि फरक नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत इम्प्लांटसाठी जन्मापासून कमी ऐकणाऱ्या मुलाला वय पाच वर्षांच्या आतली अट आहे. त्याचं काम मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालतं. तुमचा मुलगा तीनला टेकलेला आहे, म्हणजे तपासण्या, यंत्राची चाचणी, कागद आणि प्रतीक्षा यादी यांना मिळून जेमतेम दोन वर्षं. 'चवथ होऊ दे, मग बघू' असं इथे चालत नाही.

चवड्यांवर चालण्याचं वेगळं. झोपेत पाऊल हाताने वर वाकवून बघा. सहज वर येत असेल तर ती सवय किंवा संवेदनांचा भाग असू शकतो. पोटरी ताठ लागत असेल, मांड्या फाकवताना अडत असतील, तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहण्याची, शक्यता फिजिओ आणि अस्थिरोगतज्ज्ञ बघतात. पायाचा पट्टा, म्हणजे एएफओ, दिला तर पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढा आणि कातडी बघा. लाल वळ वीस-तीस मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर पट्टा तिथे घासतोय, परत नेऊन तासून घ्या. मूल रडतं म्हणून कपाटात ठेवून दिलेला पट्टा वर्षभराने लहान होतो, कारण या वयात पाऊल भराभर वाढतं. एडिपमध्ये तेच साधन पुन्हा मिळायला मोठ्यांसाठी तीन वर्षांची अट असली तरी बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ती एक वर्षाची आहे. हे अर्ज घेणाऱ्याच्या लक्षात नसेल तर तुम्ही आठवण करून द्या.

थेरपीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सरकारी ठिकाणी थेरपी फुकट असते, पण माणसं कमी आणि मुलं जास्त. आठवड्याला एक, कधी पंधरा दिवसांतून एक वेळ मिळते, तीही अर्ध्या-पाऊण तासाची. तेवढ्याने मूल बदलत नाही. खरं काम घरी होतं, आणि थेरपिस्ट ते काम नेमून देणारा. म्हणून प्रत्येक वेळी उठण्याआधी विचारा: पुढच्या भेटीपर्यंत घरी कुठल्या दोन-तीन गोष्टी करायच्या, दिवसातून किती वेळा, आणि काय दिसलं तर थांबायचं. केसपेपरवर लिहून मागा. करून दाखवताना फोनवर चित्रण करायची परवानगी मागा, म्हणजे आजीलाही दाखवता येतं. सांगून न जाणं टाळा. दोनदा गैरहजर राहिलं की ती वेळ दुसऱ्या मुलाला जाते आणि पुन्हा शेवटून सुरुवात. वाळपई, काणकोण, पेडणे अशा लांबच्या पालकांनी एकाच दिवशी दोन विभागांच्या वेळा मागाव्यात. सहसा कुणी आपणहून देत नाही, मागितल्या तर जमवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५व्या कलमात तपासणी आणि उपचारांत दिव्यांगांना प्राधान्य द्यावं असं लिहिलेलं आहे. नोंदणीच्या खिडकीवर हे शांतपणे सांगता येतं. भांडून नको, रोज त्याच खिडकीवर यायचं आहे.

फाइल एकच ठेवा आणि ती नेहमी तुमच्या हातात असू द्या. आत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड हवं: वजन किती, किती महिन्यांचं बाळ, लगेच रडलं का, झटके आले का, काविळीचा आकडा किती, इंजेक्शनं कुठली. ते हरवलं असेल तर जिथे बाळंतपण झालं तिथल्या रेकॉर्ड विभागाकडून प्रत मागा. त्यासोबत जन्मदाखला, मुलाचं आधार, तुमच्या वास्तव्याचा पुरावा आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. जीएमसीत २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं, त्यामुळे माहेरच्या सिंधुदुर्गातल्या किंवा बेळगावच्या पत्त्यावर आधार असलेल्या सुनांची खिडकीवर उगाच अडचण होते. पत्ता आधीच बदलून घ्या. आणखी एक: अर्ध्या मिनिटाचे तीन व्हिडिओ काढा, एक चालताना, एक जेवताना, एक दुसऱ्या मुलांत असताना. डॉक्टरांच्या टेबलासमोर मूल एकतर घाबरून गप्प बसतं किंवा रडतं. व्हिडिओत घरातलं मूल दिसतं.

नावाचं स्पेलिंग आजच तपासा. जन्मदाखल्यात देसाई दोन 'एस'ने, आधारवर एकाने, बापाच्या पासपोर्टवर तिसरंच, असा घोळ गोव्यात घरोघरी आहे. युनिक दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज आधारशी जुळवला जातो, आणि तिथे अडकलेला अर्ज सोडवण्यात महिने जातात. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. पाच पूर्ण झाल्यावर ते ठसे देऊन अद्ययावत करायचं, हेही डोक्यात असू द्या.

अपंगत्वाचा दाखला आता स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करूनच निघतो. अर्जात रुग्णालय निवडताना चूक होते. जवळचं म्हणून निवडतात आणि त्या प्रकारच्या दिव्यांगत्वाचा तज्ज्ञ तिथल्या दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळावर नसतो. ज्या ठिकाणी मुलाची तपासणी चालू आहे तिथेच आधी विचारून मग निवडा. प्रकार निवडतानाही तेच. ऐकण्याचा आणि बुद्धीचा असे दोन दोष असतील तर दोन्ही नोंदवा. कायद्यात आता २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हेसुद्धा त्यांत येतात, आणि दर महिन्याला रक्त घ्यायला येणाऱ्या किती पालकांना ते माहीतच नसतं. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार दाखल्याचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. अर्जाची पावती जपून ठेवा, तारीख तिच्यावरूनच मोजतात.

टक्क्यांचं गणित समजून घ्या. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. ओळखपत्राचे रंग त्याप्रमाणे: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. दोन दोषांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच धरतात. मग नव्वदातून मोठा आकडा वजा करून जे उरतं त्याला धाकट्या आकड्याने गुणतात, नव्वदाने भागतात, आणि तेवढी भर मोठ्या आकड्यात घालतात. म्हणजे ५० आणि ३० असतील तर ८० नव्हे, साधारण ६३. 'आमचे टक्के कापले' ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते.

मुलगा पाचच्या आत असल्यामुळे बौद्धिक अक्षमतेऐवजी विकासातला एकूण उशीर असं निदान लिहितात आणि दाखला तात्पुरता असतो. पुढे पाच, दहा आणि अठरा या वयांना फेरतपासणी होते. मुदतीची तारीख दाखल्यावरच छापलेली असते. तिच्या तीन महिने आधी अर्ज घाला. मुदत संपली की तिच्यावर टेकलेली पेन्शन, विमा सगळंच लटकतं.

दाखल्याआधीच्या बौद्धिक क्षमतेच्या चाचणीत आईच्या उत्तरांना फार वजन असतं, आणि सर्वांत मोठी गफलत तिथेच होते. मानसतज्ज्ञ विचारतात, 'स्वतःच्या हाताने जेवतो का?' आई म्हणते, 'हो, जेवतो.' पण जेवतो म्हणजे काय? भात कालवून, घास करून, ताटाच्या कडेला मांडून दिले की एखाददुसरा तोंडात घालतो. बाकीचं ताट आईच भरवते. 'शू सांगतो का?' 'हो.' म्हणजे तो चुळबूळ करतो आणि आई ओळखते. चारचौघांत मुलाचं उणं सांगायला जीव होत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण त्या खोलीत रोजच्या दिवशी, तुमच्या मदतीशिवाय तो काय करतो तेवढंच सांगा. वाढवून सांगायचीही गरज नाही. तज्ज्ञ मुलाला स्वतः बघतात, आणि एकदा उत्तरं जुळली नाहीत की पुढची खरी उत्तरंही संशयात जातात.

पैशांच्या योजना. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर उत्तम, नसेल तर काढा. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला उत्पन्नाची अट न लावता ते मिळतं, सरकारी नोकर वगळून. कुटुंबात तीनपर्यंत माणसं असतील तर वर्षाला अडीच लाखांचं, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण, अशी ती योजना आहे. पण ती दाखल होऊन होणाऱ्या ठरलेल्या उपचारांसाठी. दर आठवड्याची स्पीच थेरपी तिच्यात बसत नाही, आणि तिथे कार्ड पुढे करून निराश होणारे पालक कमी नाहीत.

थेरपीसाठी बघायची ती केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच ती आहे, म्हणून दाखल्याच्या प्रकाराच्या रकान्यात यांपैकी एक नाव आहे ना ते बघून घ्या. संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत, पण ते शस्त्रक्रिया, ओपीडी, थेरपी, प्रवास अशा तुकड्यांत विभागलेलं असतं. लाख रुपये थेरपीला मिळतील असं धरू नका. नोंदणी नॅशनल ट्रस्टकडे नोंदणीकृत संस्थेमार्फत होते. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारीत घाईने भरलेले पैसे महिनाभरासाठीच ठरतात. पैसे खर्च केल्यावर परत मिळतात आणि दावे नाकारले जातात ते साध्या कारणांनी: बिल मूळ नाही, डॉक्टरची थेरपीची लेखी शिफारस नाही, सहा महिन्यांची थेरपी एकाच बिलात लिहिलेली आहे, किंवा थेरपिस्टचा नोंदणी क्रमांकच नाही. वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक असतो. खासगीकडे पाय ठेवताना तो आधी विचारा. नसेल तर पैसेही जातात आणि मुलाचा वेळही.

एडिपमधून साधनं पूर्ण फुकट मिळायला कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत आणि अर्ध्या किमतीत मिळायला ३०,००० पर्यंत असावं लागतं. जहाजावरचा पगार उत्पन्नात धरला जातो, तेव्हा तुमचं तिथे बहुधा बसणार नाही. तो दडवून मामलेदाराकडून उत्पन्नाचा दाखला काढायच्या फंदात पडू नका. सरकारी रुग्णालयातली तपासणी आणि थेरपी यांना ही अट लागू नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक मदतीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो मात्र आताच काढून ठेवा. नवरा घरी असेल त्या महिन्यात त्याच्या सह्या लागणारे कागद एकदम उरका. आणि तपासण्यांत एखादा दुर्मीळ आजार निघाला तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरवलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. गोव्याला त्यांतलं सोयीचं केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय.

झटक्यांचं औषध सुरू झालं तर बाटलीवर दर वेळी पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचा. सरकारी दुकानात या महिन्यात एका कंपनीचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचं येतं आणि ताकद बदललेली असू शकते. साठा संपला म्हणून औषध एकदम बंद करायचं नाही. आठवडाभराचं शिल्लक असतानाच पुन्हा जा. गोड सिरपमुळे दात किडतात, त्यासाठी बांबोळीलाच गोवा दंत महाविद्यालयात मुलांचा विभाग आहे.

कुठे अडवलंच, तर आधी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना एका पानाचं पत्र: तारीख, वेळ, खिडकी, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. प्रतीवर इनवर्ड क्रमांक आणि शिक्का घ्या. तिथे काही झालं नाही तर पणजीला राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि त्या वेळी हाच शिक्का उपयोगी पडतो. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो.

राहिलं अंगणवाडीचं. काढू नका. इतर मुलांत बसणं त्याला हवंच आहे, आणि टीमच्या वह्यांत त्याचं नाव तिथूनच चढतं. फक्त सेविकेला विचारून ठेवा टीम गावात कधी येणार ते. तिला ते आधी कळतं. त्या दिवशी नेमकी 'आज गर्दी आहे, हा ऐकत नाही, घरीच असू दे' असं म्हणून अशीच मुलं घरी ठेवली जातात. त्या दिवशी तुम्ही स्वतः त्याला घेऊन फाइलीसकट तिथे बसा.